ठकीच्या नावाची ओ

शेवरणच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, चढून गेलं की पहिल्यांदा दिसतो तो शिवेचा धोंडा. कमरेएवढा, काळा. त्याला शेंदूर नाही, हळदकुंकू नाही. माथ्यावर दोन ओंजळी पाणी मावेल असा खळगा आहे. आजूबाजूला नुसता कातळ आणि करडं पडलेलं गवत, पाण्याचा टिपूस नाही, पण या खळग्यात बरेचदा पाणी असतं. ते पावसाचं नसतं. नाशिकचं असतं, कारवारचं असतं, कधी इंदूरचं. शेवरणकर आडनावाची माणसं आपल्या घरच्या हंड्यातून, नळातून ते भरून आणतात आणि इथे ओततात. दुसऱ्या दिवशी बघावं तर खळगा कोरडा. पाखरं पीत असतील, उन्हाने आटत असेल, असं कुणी म्हटलं तर पायथ्याच्या वाडीतली माणसं भांडायला येत नाहीत. पण ती स्वतः तसं म्हणत नाहीत.

धोंड्याच्या पलीकडे गाव. गाव म्हणजे घरांची जोती, एका जागी उभे राहिलेले तुळशीवृंदावनाचे चार दगड आणि मधोमध एक खोलगट जागा, जिथे पूर्वी तळं होतं. वाडीतला म्हातारा नारबा गुरव पाहुण्यांना घेऊन वर येतो आणि दर वेळी इथूनच सुरुवात करतो. “शेवरणकर ह्या गावात कधी रवलेच नाय,” तो म्हणतो, आणि पाहुण्यांची तोंडं बघत राहतो. त्याला ते आवडतं.

गेल्या माघात नाशिकहून मुकुंद शेवरणकर आणि त्यांच्या पत्नी शैलजाताई आले होते. मुकुंदराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभ्या जन्मात त्यांना प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला होता, ‘शेवरण कुठे आलं हो?’ आणि त्यांना उत्तर देता आलं नव्हतं. आता वेळ होता म्हणून ते उत्तर शोधायला निघाले होते. नारबाचं बोलणं ऐकून ते हसले. म्हणाले, “अहो, मग आम्ही कुठले?”

नारबाने त्यांना धोंड्याच्या बाहेरच्या बाजूला बसवलं आणि सांगायला घेतलं. त्याने सांगितलं ते असं.

फार पूर्वी पहिला पुरुष आपला कुटुंबकबिला घेऊन या सड्यावर आला, तेव्हा इथे पाणी नव्हतं म्हणे. जागेला राखणदार मात्र होता. राखणदार म्हणजे जागेचा धनी. तो देवळात बसणारा देव नव्हे आणि झाडावरचं भूतही नव्हे. पायात वहाणा, हातात काठी, आणि आपल्या शिवेवरून अखंड फेरी. पहिल्या पुरुषाने याच धोंड्यापाशी त्याला हात जोडले. म्हणाला, तू पाणी दे, माझ्या वंशातलं जे माणूस तुझ्या शिवेच्या आत जन्मेल ते तुला सोडून जाणार नाही. सकाळी कातळाच्या खोलगटात पाणी उभं होतं. पाणी मिळालं की कबूल केलेलं माणसं विसरतात. राखणदार विसरला नाही.

त्याने गाव जिवापाड सांभाळलं. सड्यावर धुकं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही आणि चारी बाजूंना कडे आहेत. पण शेवरणचं माणूस कधी कड्यावरून गेलं नाही. धुक्यात वाट चुकलेल्याला काठीचा आवाज ऐकू यायचा आणि मग कुणीतरी विचारायचं, “कोण?” माणसाने आपलं आणि बापाचं नाव सांगायचं. सांगून चार पावलं टाकावीत तो पायाखाली स्वतःच्या घराचा उंबरा. लहान पोरांनासुद्धा हे शिकवून ठेवलेलं असे. धुक्यात घाबरायचं नाही, विचारलं की नाव सांगायचं.

या गावात आवडा नावाची सून होती. घाटाखालून आलेली. तिची मुलगी ठकी दोन वर्षांची असताना अशीच धुक्यात हरवली होती. आवडाने रडून गाव गोळा केलं, आणि बघते तो पोर दारात बसून चिंचोके खेळत होतं. कुणी आणलं विचारलं तर म्हणाली, “काठयेवाल्या आजोबान. माका खांद्यावर घेतल्यान.” तेव्हापासून आवडाची सासू काशी दर अमावास्येला धोंड्यापाशी वहाणांचा नवा जोड ठेवायची. महिन्याभरात तो झिजलेला असायचा.

दिवसा बाजाराला गेलेला माणूस दिवेलागणीला परत यायचाच. मुक्कामाला बाहेर राहण्याची मात्र सोय नव्हती. राहायचं ठरवलं तरी संध्याकाळी पाय आपोआप सड्याची वाट चढू लागत. लेकी दिल्या जात त्यांचं काय, असं शैलजाताईंनी इथे विचारलं. नारबा म्हणाला की लेकीचं लग्नातलं नवं नाव मांडवात ठेवत नसत, या धोंड्यापाशी ठेवत. नव्या नावाची बाई शिवेबाहेर पडायची आणि तिला कुणी अडवायचं नाही. तसं का करतात ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. रीत होती.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. तळ्याचं डबकं झालं, डबक्याचा चिखल झाला. बायका चिखलात खड्डे करून पेल्या-पेल्याने पाणी उपसू लागल्या. गुरं आधी गेली. मग पाळणे रिकामे होऊ लागले. माघ महिन्यात ठकीचे ओठ फुटले, आणि सहा वर्षांची ती पोर दिवसभर उंबऱ्याला गाल लावून पडून राहू लागली, कारण दगड गार लागायचा. काशी आपल्या वाटणीचं पाणी तिला पाजायची आणि स्वतः प्याल्यासारखं करायची. आवडाला ते दिसत होतं. तिने कधी नको म्हटलं नाही, आणि त्याची तिला शरम वाटे.

गावाने जायचं ठरवलं. पहिला आवडाचा नवरा लखू निघाला, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन, खाली जागा बघून ठेवायला. धोंड्यापाशी पोचला तो भर सकाळी धुकं उतरलं. काठी वाजली. “कोण?” लखूने लहानपणापासूनची सवय होती तसं सांगितलं, “मी लखू, भिवाचो.” चार पावलं चालला आणि आपल्याच अंगणात येऊन उभा राहिला. गाठोडं डोक्यावर तसंच. दुसरे निघाले, तिसरे निघाले. सगळे आपल्या नावाने आणि बापाच्या नावाने परत आले. एकाने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि उत्तरच दिलं नाही. तो दिवसभर धुक्यात फिरत राहिला, लोकांना त्याचा खोकला कधी या बाजूने, कधी त्या बाजूने ऐकू यायचा. शेवटी तहानेने रडकुंडीला येऊन त्याने नाव सांगितलं आणि घरी आला. जो आजवर चुकलेल्याला घरी आणून सोडत होता तोच आता कुणाला सोडत नव्हता, आणि त्यात त्याचा दुष्टावा काही नव्हता. कबूल केलं होतं, ते तो पाळून घेत होता.

आवडाला एकटीला जाता आलं असतं. ती शिवेच्या आत जन्मलेली नव्हती. माहेरी ती मुक्कामाला जाऊन आली होती, तिला कुणी अडवलं नव्हतं. पण ठकीला घेऊन गेली की संध्याकाळी पोर तापाने फणफणायची आणि परत सडा चढल्यावरच तिचा ताप उतरायचा. ठकीला इथे टाकून आवडा जगणार नव्हती आणि ठकीला घेऊन इथे राहिली तर ठकी जगणार नव्हती. ती माय रात्रंदिवस याच कोंडीत होती.

त्या दिवसांत बांदा गावचा कासार बांगड्यांची माळ घेऊन सड्यावरून पलीकडच्या पेठेत जायला निघाला. गावाची दशा बघून तो थांबला नाही. धुकं उतरलेलंच होतं. आवडा शिवेजवळ बसली होती. तिने काठीचा आवाज ऐकला, “कोण?” ऐकलं, आणि कासाराने दिलेलं उत्तरही ऐकलं. “बांदेकर.” त्याने नाव सांगितलं नाही, बापाचं सांगितलं नाही. धुकं बाजूला झालं आणि कासाराच्या बांगड्यांची किणकिण सरळ घाटाच्या वाटेला लागली.

आवडा तिथेच बसून राहिली. तिला माहेरची विहीर आठवली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा विहिरीवरच्या बायका म्हणाल्या होत्या, ‘इली बघ शेवरणकरीण.’ तिला ते लागलं होतं. ज्या विहिरीवर ती लहानाची मोठी झाली तिथे तिला परगावचं करून टाकलं होतं, आणि इकडे शेवरणात तिला सगळे ‘खालची’ म्हणायचे. ती घरी येऊन त्यावर पुष्कळ रडली होती. शेवरणकर हा शब्द शेवरणात मात्र कुणी कधी उच्चारला नव्हता. कशाला उच्चारतील? गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारतं? तो आपला लखू असतो, भिवाचा असतो. तो बाहेर पडला आणि परक्यांत गेला की मगच परके त्याला त्याच्या गावाचं नाव चिकटवतात.

संध्याकाळी तिने सासूला सांगितलं आणि सासूने गाव बोलावलं. सुनेने चारचौघांत बोलायची रीत नव्हती, पण तहानलेल्या गावात रीत कोण बघतो.

“तो आपणाक वळखता म्हणान घराक आणून सोडता,” आवडा म्हणाली. “परक्याक तो आडवत नाय. आपण परके होवया. कोण म्हणान इचारल्यान तर एकच सांगायचा. शेवरणकर.”

गावातला सगळ्यात म्हातारा धाकू पुढे सरकून बसला. मग त्याने विचारलं, “आणि पावस पडल्यार परत इलो तर?”

“तर तो आपणाक वळखूचो नाय.”

त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. धुक्यात हाक मारून घरी नेणारा कुणी राहणार नव्हता. परत येणारा शेवरणकर या सड्यावर कुणीही वाटसरू असतो तसा असणार होता, कड्यावरून गेला तरी विचारणारं कुणी नाही. पुरुषमाणसं रडली म्हणे त्या संध्याकाळी. काशी तेवढी रडली नाही. ती ठकीकडे बघून म्हणाली, “चेडू जगूक व्हया,” आणि उठून गाठोडं बांधायला लागली.

सकाळी गाव रांगेने निघालं. धोंड्यापाशी धुकं होतंच. “कोण?” धाकूने सांगितलं, “शेवरणकर.” त्याचा आवाज फुटला, पण शब्द तोच आला. काठी थांबली. जन्मभर सांभाळलेल्या माणसाला ओळखायचा तो प्रयत्न करत असावा, असं नारबा म्हणतो. मग धुक्यात वाट झाली. एकेक घर शिवेबाहेर पडलं. कडेवरची पोरं आईबापाच्या आडनावावर गेली. लखू गेला. शेवटी आवडा ठकीला घेऊन आणि तिच्या मागे काशी.

“कोण?”

“शेवरणकरीण,” आवडा म्हणाली आणि पाऊल बाहेर टाकलं.

ती धोंडा ओलांडून गेली, आणि मागून हाक आली. “ठकी.”

त्या पोरीला त्याने खांद्यावर घेतलं होतं. बाकी सगळ्यांना तो विसरला असेल, हिला कसा विसरेल? खांद्यावरचं पोर मान वळवून बघू लागलं. तिच्या फुटलेल्या ओठांवर हसू आलं. आवडाने तिच्या तोंडावर हात दाबला. लहान पोराला नावाने हाक मारली की ओ त्याच्या तोंडून आधी येते, मागाहून त्याला कळतं. आवडाच्या तळहाताला ठकीची ओ लागत होती, ऊन, आत कोंडलेली.

“ठकी.” या वेळी जवळून. काठी कातळावर वाजत येत होती. आवडाला पळता येईना. पाय होते तिथेच रुतले. पोर पूर्वीसारखी तापाने फणफणू लागली, आणि आवडाला कळलं की तिसरी हाक आली की हात काढावाच लागणार. त्या हाताखाली पोर गुदमरत होती.

काशी अजून शिवेच्या आत होती. तिने धोंड्यावरून हात पुढे करून आपला पाण्याचा तांब्या आवडाच्या काखेत सरकवला. “तू जा,” ती हळू म्हणाली. “माझा हंय बरा आसा. पाठी बघू नको.”

तिसरी हाक आली. “ठकी.”

“ओ,” काशी म्हणाली. आणि मग पोरीला हाक मारली की पोर म्हणते तशी म्हणाली, “इलंय, इलंय.”

आवाज साठीतला, घसा कोरडा. पण ओ देईल त्याचं नाव, असा त्या जगातला न्याय आहे म्हणतात. काठी थांबली. मग ती वळली. आवडाला पाठीमागे वहाणांचा आवाज ऐकू आला आणि त्याच्याबरोबर अनवाणी पावलांचा, दोन्ही गावाकडे जाणारे. हातातली पोर एकदम गार झाली, घाम आला तिला, आणि तिने पाणी मागितलं. आवडाने तिला तांब्या पाजला. तिला मागे वळून ‘आये’ म्हणून ओरडायचं होतं. ओरडली असती तर त्याच्याबरोबर चाललेली ठकी नव्हे, कुणाची तरी आई आहे, हे त्याला कळलं असतं. ती ओरडली नाही. जन्मभर तिला ती न मारलेली हाक छातीत दुखत राहिली, असं शेवरणकरांच्या घरांतून सांगतात.

माणसं पांगली. जिथे जातील तिथे लोकांनी विचारलं, कोण? आणि ती म्हणाली, शेवरणकर. दुसरं काही सांगायला त्यांची जीभ पुन्हा धजली नाही. ते आडनाव झालं. ठकी मोठी झाली, लग्नात तिचं नाव बदललं आणि ठकी म्हणून हाक मारणारं आवडाखेरीज कुणी उरलं नाही. आवडाने मरताना तिला सगळं सांगितलं. तेव्हा ठकीचे स्वतःचे केस पिकले होते. ती तोच तांब्या घरच्या पाण्याने भरून, घाट चढून एकटी इथे आली. धोंड्याच्या खळग्यात पाणी ओतलं. बाहेरच उभी राहिली. आजी म्हणून हाक मारणं शक्य नव्हतं. आत कुणी आजी नव्हतीच, एक ठकी होती. म्हणून तिने स्वतःच्या नावाची हाक मारली.

“ठकी.”

आतून ओ आली.

त्यानंतर ती दर माघात आली. तिच्यानंतर तिच्या माहेरची शेवरणकर माणसं येतात. शेवरणकरांच्या कुळात कुठल्या मुलीचं नाव ठकी ठेवत नाहीत, लाडानेही नाही. ते नाव वापरात आहे. आणि ज्या वर्षी हाकेला ओ येणार नाही त्या वर्षी राखणदार आपल्या ठकीला शोधायला शिवेबाहेर पडेल. ठकीच्या रक्ताची माणसं कुठे कुठे आहेत हे त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.

नारबा थांबला. मुकुंदराव थोडे हसले, पण उठले. रीत म्हणून करून टाकू, असं म्हणाले. पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांनी खळग्यात ओतली आणि मोकळ्या सड्याकडे तोंड करून, जरा लाजत, हाक मारली, “ठकी.”

काही नाही. गवत हललं तेवढंच. त्यांनी पुन्हा हाक मारली. खोलगटावर पांढरं काहीतरी उतरू लागलं होतं, भर दुपारी. नारबाचा चेहरा उतरला.

“ह्या पाणी खयचा?” त्याने विचारलं.

मुकुंदरावांनी बाटली बघितली. घाटाच्या पायथ्याशी, टपरीवर घेतलेली.

“घराकडला हाडूक नाय?”

मुकुंदरावांनी नकारार्थी मान हलवली. शैलजाताईंनी खांद्यावरची पर्स उघडली. रक्तदाबाची गोळी घ्यायला त्या नाशिकच्या स्वयंपाकघरातून एक छोटी बाटली भरून घेऊन निघाल्या होत्या. तिच्या तळाशी दोन घोट राहिले होते. ते त्यांनी खळग्यात ओतले, वाकून, हात धोंड्याला न लावता. मग नवऱ्याच्या आधी त्यांनीच हाक मारली. त्या शेवरणकरांच्या घरात आलेल्या सून होत्या.

“ठकी.”

धुक्यातून ओ आली. मुकुंदरावांनी बायकोचा दंड धरला. उतरताना नारबाने दोघांना धोंड्याकडे पाठ करून उभं केलं आणि आडनाव मोठ्याने सांगायला लावलं. दोघांनी सांगितलं.

आजही माघात शेवरणकर सडा चढतात, कुठून कुठून घरचं पाणी आणतात आणि शिवेबाहेर उभं राहून त्या एका नावाची हाक मारतात. ओ येते. ऐकणारे सांगतात की आवाज म्हातारीचा असतो, घसा कोरडा असतो, पण ओ मात्र अशी घाईघाईने येते, की कुणी दुसरं पोर आपल्या आधी ओ देईल याचं तिला भय वाटत असावं.